थोरल्या साडूचं फॉस्फटेज

ती. साडूभाऊ यांस,

आपल्यात नमस्कार कोणी कोणाला करायचा, हा तंटा अजून मिटलेला नाही. वयानं तुम्ही मोठे, नात्यानं मी (थोरलीचा नवरा, या एकमेव कर्तबगारीवर). पहिल्या भेटीत आपण दोघं एकाच वेळी वाकलो आणि कपाळावर कपाळ आपटून घेतलं, तेव्हा त्या दोघी बहिणी भिंतीला टेकून किती वेळ हसत होत्या, ते तुम्हाला आठवत असेलच. म्हणून या पत्रापुरता अर्धा नमस्कार मी करतो, उरलेला अर्धा तुम्ही माझ्या वतीनं स्वतःलाच करून घ्यावा. धाकटीला आशीर्वाद. तुमचा गुडघा, धाकटीचा रक्तदाब आणि अंगणातला तो कुरकुरणारा पंप, या तिघांची प्रकृती कळवावी. (पंपाची सविस्तर कळवाल, याबद्दल शंका नाही.) माझी विचाराल तर उत्तम आहे. इथपर्यंत वाचून पत्राची घडी घातलीत तरी चालेल, कारण पुढे नुसता तपशील आहे, आणि त्या सगळ्या तपशिलाचं खापर मी तुमच्यावर फोडणार आहे.

गेल्या वेळी आलात तेव्हा निघता निघता, एक पाय गाडीत आणि एक रस्त्यावर ठेवून, तुम्ही मला म्हणालात, “साठी उलटली की यंत्र एकदा उघडून बघावं. रक्त तपासून घ्या.” तुमचं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं, त्यामुळे माणूस म्हणजे तुमच्या दृष्टीनं पाइप, झडपा आणि गाळण्या. मी तेव्हा मान डोलावली आणि विसरून गेलो. पण मग माझी कंबर दुखायला लागली, मग मांड्या, मग नडग्या. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांचा टेका द्यावा लागे, आणि उठलो की आपण नेमके कशासाठी उठलो होतो याचा विचार करत परत बसावं लागे. मी म्हटलं, वय झालं. (वय झालं हे एक फार सोयीचं उत्तर आहे. बँकेत जसं “साहेब जेवायला गेलेत” असायचं, तसं. त्यानं पुढचे सगळे प्रश्न थांबतात.) तरी पण तुमचा रस्त्यावरचा पाय डोळ्यांपुढे आला आणि एका सकाळी उपाशी पोटी मी रक्त द्यायला गेलो.

रक्त घेणारी मुलगी हसतमुख होती. तिनं दंडाला पट्टा आवळला आणि विचारलं, “सोबत कोणी आलंय ना काका? कधी कधी चक्कर येते.” आता याला “नाही” असं सरळ उत्तर होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “हो, बाहेर बसलेत.” का निघालं देव जाणे. रक्त काढून झाल्यावर ती मला धरून बाहेरपर्यंत आली, आणि बाहेर ओळीनं रिकाम्या खुर्च्या. मी त्यातल्या एका खुर्चीकडे बघून मान हलवली आणि म्हणालो, “पुढे गेलेले दिसतात.” मला त्याच खुर्चीत बसवून तिनं एक बिस्किटाचा पुडा हातात दिला, आणि तो संपेपर्यंत ती आतून अधूनमधून डोकावत राहिली. साडूभाऊ, बिस्किटं मी शक्य तितकी सावकाश खाल्ली.

अहवाल संध्याकाळी फोनवर आला. साखर, क्षार, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, सगळे आपापल्या हद्दीत, शहाण्या मुलांसारखे हाताची घडी घालून बसलेले. एकच नाव ठळक अक्षरात, आणि त्याच्यापुढे वर तोंड केलेला एक छोटा बाण. अल्कलाइन फॉस्फटेज. हद्दीच्या जवळजवळ दुप्पट. मला अल्कलाइन हा शब्द फक्त भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलवर वाचलेला आठवत होता. मी उठून (टेका देऊन) घड्याळ काढलं, सेल बघितला, तो जागेवर होता. तेव्हा निदान सेल तरी मी गिळलेला नाही, एवढं निदान त्या संध्याकाळी पक्कं झालं.

मग शब्दकोश काढला. हे फॉस्फटेज म्हणजे एक एन्झाइम, आणि एन्झाइमला मराठीत म्हणतात विकर. विकर म्हणजे विकार नव्हे, एका कान्याचा फरक आहे, पण घाबरलेल्या माणसाला तो काना कुठे दिसतो? मी ते विकार असंच वाचलं आणि रात्रभर कूस बदलत पडलो.

सकाळी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. (सकाळी म्हणजे तो दुकान उघडतो न उघडतो तोच. रस्त्यावर वर्दळ नको होती. का, ते पुढे येईल.) त्यानं फोन हातात घेतला, बाण बघितला, मग वर माझ्याकडे बघितलं, आणि सबंध दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “लिव्हरचं आहे हे. घेता का?” मी म्हणालो, “काय?” तो अंगठा तोंडाकडे नेऊन म्हणाला, “हे.” मागे आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या असल्या तरी हजेरी घेण्याची सवय गेलेली नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला. मी म्हणालो, “छे हो, मी थेंबसुद्धा नाही.” आणि तुम्हाला सांगतो, हे वाक्य खरं बोलणाऱ्याच्या तोंडून जितकं खोटं वाटतं तितकं दारुड्याच्या तोंडूनही वाटत नसेल.

दोन दिवसांत इमारतभर बोभाटा झाला: बायको गेल्यापासून तळमजल्यावरचे काका पडदे लावून आत पीत बसतात. आता बघा, पडदे लावलेले होते हे खरं. दिवसा मी बाहेर दिसत नव्हतो हे खरं. दारापुढच्या पायऱ्या चढताना तोल जात होता, चालताना बदकासारखा डुलत होतो, हेही खरं. पुराव्यांची अशी साखळी, की मी न्यायाधीश असतो तर मलाच शिक्षा दिली असती. मी तुमचा तो जुना निरोप शोधून काढला, तो “यकृताची गाळणी साफ ठेवा”वाला, आणि त्यातला कडू पाल्याचा रस आठवडाभर प्यायलो. त्याचा परिणाम एवढाच झाला की तोंड वाकडं झालं, आणि शिक्षिकाबाईंनी मला वाकड्या तोंडानं, डुलत, कचरा टाकायला जाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून एक पत्रक आत आलं. व्यसनमुक्ती मंडळ, दर शनिवारी, वाचनालयाच्या मागची खोली, सर्वांचे स्वागत. मी ते चुरगाळून टाकलं. मग परत उलगडून टेबलावर हातानं सपाट केलं. आणि शनिवारी, साडूभाऊ, मी गेलो.

हसू नका. निषेध नोंदवायला गेलो होतो. तिथल्या प्रमुखाला ठणकावून सांगायचं होतं की असली पत्रकं सभ्य माणसांच्या दारात टाकू नका. तर प्रमुख निघाला एक जाडजूड गृहस्थ, सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. (जहाजावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. शाळेची बस चालवायचा.) मी तोंड उघडायच्या आत त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “आलात ना? झालं. अर्धं काम झालं. बसा.” खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या. माझ्या एका बाजूला एक शिंपी, दुसऱ्या बाजूला एक दाताची डॉक्टरीण. कोणीतरी चहाचा कप आणून दिला, आणि मला न विचारता आणून दिला. मला आठवेना की असा आयता कप शेवटचा कधी हातात आला होता. मग एकेकाला विचारत विचारत कॅप्टन माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, “तुमचा आठवडा कसा गेला?”

प्रश्न किती साधा. पण तुम्ही मोजून बघा, हा प्रश्न माणसाला कोण विचारतं? आमच्याकडे तो ती विचारायची, तोही दाराच्या कडीचा आवाज आला की आतूनच. बँकेच्या तळघरात लॉकरवर माझी सगळी नोकरी गेली. गिऱ्हाईक आलं की आधी माझी किल्ली, मग त्याची, आणि मग मी पाठ फिरवून उभा. निम्म्या शहराशी माझी ओळख पाठीनं झालेली आहे. तिथे मला कोणी आठवडा विचारला नाही, आणि मला त्याची गरजही नव्हती, कारण घर होतं. आता घरात कडी वाजते ती मीच वाजवलेली असते.

तर मी म्हणालो, “बरा गेला.” कॅप्टन म्हणाला, “अजिबात घेतली नाही?” मी म्हणालो, “अजिबात नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर माझ्या खांद्यावर थोपटलं. यात खोटं काय होतं सांगा? मी खरंच घेतली नव्हती. पुढच्या शनिवारीही घेतली नव्हती, परत टाळ्या. त्याच्या पुढच्या शनिवारी शिंप्याचा पाय घसरलेला होता, तो रडला, आणि मी त्याला धीर दिला. काय बोललो ते मला सांगता येणार नाही, पण अनुभवी माणसासारखा बोललो. सगळे गंभीरपणे माना डोलावत होते. घरी आल्यावर मात्र स्वतःची इतकी लाज वाटली की मी ठरवलं, आता आधी डॉक्टरकडे जायचं. दारुडा तर दारुडा, निदान अधिकृत होऊ दे.

डॉक्टर तरुण मुलगी आहे. बोलणं तुटक, पण ऐकून घेते. मी अहवाल पुढे केला आणि ती काही विचारायच्या आत म्हणालो, “मी पीत नाही.”

ती म्हणाली, “मी कुठे म्हटलं?”

“सगळे म्हणतात. लिव्हरचा बाण आहे ना हा?”

“लिव्हरचा असेल किंवा हाडांचा असेल,” ती म्हणाली. “हे एन्झाइम दोन्हीकडे तयार होतं. नुसत्या आकड्यावरून घर कळत नाही. रस्त्यावर आरडाओरडा ऐकू येतोय, पण कुठल्या घरातून, ते बघावं लागतं.”

मग तिनं समजावून सांगितलं ते मी तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की हे फॉस्फटेज रक्तात वाढतं. (तुम्ही म्हणाल, मी म्हटलं नव्हतं का, पाइप! जरा थांबा.) आणि हाड बांधणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या जोरात कामाला लागल्या की त्याही हेच सोडतात. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हा आकडा मोठाच असतो, त्यात काळजीचं काही नसतं. मी म्हणालो, मग मीही वाढत असेन. तिनं तुटक हसून सांगितलं की तुमची उंची बघता ती शक्यता कमी आहे. तर घर ओळखायची युक्ती अशी, की जीजीटी नावाचं दुसरं एक एन्झाइम आहे, ते यकृतात असतं पण हाडात नसतं. तेही वाढलेलं असलं तर भानगड यकृताची. ते नीट असलं तर यकृत सुटलं, हाडांकडे बघायचं. परत रक्त दिलं. (या वेळी “सोबत कोणी?” याला मी “कोणी नाही” म्हणालो, आणि बिस्किटं तरीही मिळाली.) जीजीटी अगदी हद्दीत. माझं यकृत निर्दोष सुटलं, साडूभाऊ! तो कागद शिक्षिकाबाईंच्या दाराच्या फटीतून सरकवून द्यायचा मोह मी कसा आवरला, ते माझं मला माहीत.

पण डॉक्टर खूश दिसेना. तिनं माझी नडगी अंगठ्यानं दाबली. मी ओरडलो. “कधीपासून?” ती म्हणाली. मी म्हणालो, “वय झालं.” “ते उत्तर नको,” ती म्हणाली, आणि मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, “दिवसा बाहेर किती वेळ असता?”

मी आठवायला लागलो. प्रामाणिकपणे आठवायला लागलो. नोकरीभर तर तळघरच, सूर्य रविवारी भेटायचा, तोही ती बागेत ओढून न्यायची म्हणून. मग निवृत्त झालो, आणि आता रोज सकाळी फिरायला जाऊ असं ठरलं, आणि तिचं दुखणं निघालं. ती गेल्यापासून मी भाजी आणायला जातो ते दिवे लागल्यावर. कारण दिवसा गेलं की भाजीवाली विचारते, चांभार विचारतो, समोरचा चावीवाला विचारतो, “आता जेवणाखाण्याचं कसं करता?” आणि सगळे मायेनं विचारतात, तेच तर अवघड आहे. अंधारात कोणी ओळखत नाही. घरातले पडदे सकाळी ती उघडायची, ते तिचं खातं होतं. ती गेली त्या दिवशी कोणीतरी ते लावले आणि मग ते उघडायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. कोणाच्या म्हणजे माझ्या. घरात दुसरं आहे कोण?

हे सगळं मी डॉक्टरला बोललो नाही. मी म्हणालो, “फारसा नसतो.” पण ती माझ्याकडे बघतच राहिली, तेव्हा म्हणालो, “नसतोच.”

ड जीवनसत्त्व तपासलं तर ते जवळपास नव्हतंच. हाडांचे फोटो काढले. दुसरं काही वाईट नाही, पण हाडं मऊ पडली आहेत. उन्हाशिवाय ते जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, ते नसलं की खाल्लेला चुना (म्हणजे कॅल्शियम) अंगी लागत नाही, आणि चुन्याशिवाय हाड घट्ट होत नाही. “मग ते एन्झाइम का वाढलं?” मी विचारलं. “हाडं तर खचतायत, बांधणाऱ्या पेशी झोपल्या असतील ना?”

“उलट,” ती म्हणाली. “त्या जिवाच्या आकांतानं काम करतायत. गवंडी हजर आहेत, फक्त सिमेंट येत नाही. तो बाण म्हणजे त्यांची धडपड आहे.”

तुम्हाला सांगतो साडूभाऊ, मी तिथे त्या खुर्चीत बसल्या बसल्या रडलो. मी पडदे लावून, दिवे लागायची वाट बघत दिवसच्या दिवस पडून होतो, मला कशातच काही राम वाटत नव्हता, आणि आतमध्ये ही मंडळी मला न विचारता, रोज, रिकाम्या घमेल्यांनी मला उभं ठेवायचा प्रयत्न करत होती! डॉक्टरनं माझ्यापुढे कागदी रुमालांचा डबा सरकवला आणि ती दुसरीकडे बघत औषधं लिहीत बसली. (पाठ फिरवून उभं राहण्याचं महत्त्व मला त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बाजूनं कळलं.)

औषध सोपं आहे. आठवड्याची एक पुडी, रोजच्या चुन्याच्या गोळ्या, आणि ऊन. ऊन हे लिहून देणं सोपं, पण आणायचं कुठून? माझं घर तळमजल्यावर मागच्या बाजूला, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. रस्त्यावर पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून बसायची माझी छाती नव्हती. राहिली गच्ची. आणि गच्चीची किल्ली शिक्षिकाबाईंकडे.

मी वर गेलो. दोन मजले, मध्ये तीनदा थांबून. त्यांनी दार अर्धवट उघडलं. मी म्हणालो, “गच्चीची किल्ली हवी होती. रोज दुपारी थोडा वेळ.” त्या म्हणाल्या, “गच्चीवर काय करायचंय?” मी म्हणालो, “बसायचंय.” त्या म्हणाल्या, “नुसतंच?” आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर. पिशवीत पाण्याची बाटली होती. त्या चपला घालून माझ्या मागोमाग वर आल्या आणि टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. मी उन्हात बसलो, पायजमा वर केला, बाह्या वर केल्या. माझे पाय इतक्या वर्षांत मीही नीट बघितले नव्हते. कुंडीखाली झाकलं गेलेलं गवत असतं ना, तो रंग.

तीन-चार दिवस असे मुकाट्यानं गेले. मग एके दुपारी त्यांनी न राहवून विचारलं, “बाटलीत पाणीच आहे का?” मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला. मग मी त्यांना सगळं सांगितलं, बाण, यकृत, गवंडी, जीजीटी. शाळेत विज्ञानच शिकवायच्या, त्यामुळे मध्ये दोनदा माझं वाक्य दुरुस्त केलं. मग बाटली परत देत म्हणाल्या, “मग त्या मंडळात तीन शनिवार का गेलात?”

मी म्हणालो, “चहा बरा असतो.”

दुसऱ्या दिवशी वर येताना त्या थर्मास घेऊन आल्या. क्षमा वगैरे मागितलेली नाही, तसा त्यांचा स्वभाव नाही. पण खुर्ची आता टाकीच्या सावलीतून बरीच अलीकडे आली आहे.

मंडळाचं मात्र मनाला लागून राहिलं होतं. शेवटी एका शनिवारी मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी दारू पीत नाही, कधीच प्यायलेलो नाही, तुमच्या टाळ्या मी फुकट घेतल्या. शिंपी माझ्याकडे बघायला लागला तसा माझा जीव अर्धा झाला. कॅप्टन म्हणाला, “कधीच नाही?” मी म्हणालो, “कधीच नाही.” तो म्हणाला, “मग इतके दिवस कसे काढलेत हो एकट्यानं?” आणि परत टाळ्या वाजवल्या त्या मूर्खांनी! साडूभाऊ, मी आता तिथे शनिवारी जाऊन खुर्च्या मांडतो आणि चहाचं बघतो. गोल नीट जमत नाही, एका बाजूनं चपटा होतो, पण कोणी तक्रार केलेली नाही.

अलीकडेच परत रक्त तपासलं. मध्ये एकदा आकडा खाली यायचा तर उलट वर गेला होता आणि माझी पाचावर धारण बसली होती. डॉक्टर म्हणाली, होतं असं सुरुवातीला, सिमेंट आल्यावर गवंड्यांचा उत्साह वाढतो. आता उतरायला लागला आहे. बाण अजून आहे, पण खुर्चीतून उठताना आता एकाच हाताचा टेका लागतो. तेव्हा काळजीचं कारण मुळीच नाही. तुम्ही उठून इकडे येऊ नये, पंप सोडून तर नाहीच नाही. माझं सगळं छान चाललं आहे, आणि मला कोणाकडूनही काहीही नको आहे.

आपला,
(नात्यानं) थोरला साडू

ता. क. दवाखान्यात विचारत होते की तुम्हाला काही झालं तर कोणाला कळवायचं. मी तुमचं नाव आणि नंबर दिला. नातं विचारलं, मी साडू म्हणून सांगितलं. मग टेबलापलीकडच्या बाईंनी सहज विचारलं, “मिसेस असतात ना घरी?” आणि तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतो आहे. आपण साडू झालो ते त्या दोघी बहिणींमुळे. त्यातली एक गेली. मग मी तुमचा साडू उरलो का? कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही. नसलो तर तसं स्पष्ट कळवा, मी नंबर बदलून घेईन. कोणाचा देईन ते बघू.

ता. क. दुसरा. धाकटीनं कितीतरी वेळा फोन केले आणि मी उचलले नाहीत, “मजेत आहे” असं लिहून पाठवत राहिलो. ती रागावली असणार. तिला सांगा, राग काही नाही. तिच्या बोलण्यात तिच्या बहिणीचा आवाज आहे. समोर असते तेव्हा चेहरा वेगळा दिसतो, म्हणून जाणवत नाही. फोनवर चेहरा नसतो. एकदा उचलला होता, ती नुसतं “जेवलात का?” म्हणाली, आणि मला भिंत धरावी लागली. म्हणून तिनं फोन करू नये. पत्र लिहावं.

ता. क. तिसरा. पाकीट डकवलं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. पत्र नको. तिला फोनच करायला सांगा. दुपारी करावा, तेव्हा मी उन्हात असतो. मी उचलेन. उचलल्यावर माझ्याकडून काही वेळ आवाज येणार नाही, पण तिनं ठेवू नये. भाजीचे भाव, तुमचा गुडघा, शेजाऱ्यांची भांडणं, काहीही चालेल. मी काही बोललो नाही तरी तिनं आपलं बोलत राहावं.